शंभर अंशांवरून माघारी

आधी एक काम करा. मला त्या उशीवरून उचला आणि टेबलावर ठेवा. पाठीमागची फट भिंतीला टेकू देऊ नका, चार बोटं जागा सोडा. हां, असं. आता जरा मोकळं वाटलं. आता बोलतो.

मी लॅपटॉप. पत्रं लिहिणारा, सडपातळ लॅपटॉप नव्हे. दुकानदार ज्याला 'गेमिंग' म्हणतात त्या घराण्यातला. अंगानं दांडगा, उचलायला जड, पाठीवर लाल पट्टा आणि स्वभावानं तापट. तापट असल्याची मला लाज वाटत नाही. जोरात काम केलं की आम्ही तापणारच. पण तापण्यालाही एक हद्द असते, आणि त्या हद्दीपर्यंत जाऊन मी परत आलेलो आहे. आज ते आठवलं की एकच शब्द तोंडात येतो, सुटलो बुवा!

माझा जन्म चीनमधल्या एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. जन्मल्या जन्मल्या मला कुणी पाळण्यात घातलं नाही. शेकडो भावंडांच्या रांगेत मांडलं आणि तासन्‌तास अवघड चित्रं काढायला लावलं. कोण किती तापतो, कोण मध्येच मान टाकतो, हे एक बाई वहीत टिपत होती. मी पास झालो. निवांत बसलो की पन्नास अंशांच्या आसपास, जोरात पळालो की पंचाहत्तर ते पंच्याऐंशी, ही माझी तब्येत. नव्वद ओलांडले की समजायचं, काहीतरी बिनसलंय. आणि शंभरला टेकलो की मी स्वतःहून बंद पडतो. लोक त्याला बिघाड म्हणतात. अहो, ते माझं शहाणपण आहे! तसा बंद पडलो नाही तर आतलं सगळं जळून जाईल.

माझ्या खोक्यात एक पुस्तिकाही होती. खोलीचं तापमान पाच ते पस्तीस अंश असावं, हवेच्या जाळ्या झाकू नयेत, असं तिच्यात स्वच्छ छापलं होतं. पण अशी पुस्तिका वाचतो कोण? नाशिकला आल्यावर आठ दिवसांत तिच्यावर चहाच्या कपाचं गोल उमटलं.

मला नाशिकला आणलं ते २००७ च्या जूनमध्ये. शहरातल्या एका दुकानात एक दिवस बाप-लेक आले. बापाचं नाव निवृत्ती, पण सगळे त्यांना नानाच म्हणत. मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. लेक शुभांगी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात, कॉम्प्युटर शाखेला. तिनं मला उघडलं, सुरू केलं, आणि एक मिनिट नुसती बघत राहिली. मला ते आवडलं. कोणालाही आवडेल.

नाना मात्र खोक्याकडे बघत होते. इंग्रजी अक्षरं ते एकेक लावून वाचत.

"शुभे, हे गेम लिहिलंय ना इथं?"

"हो नाना. पण मला गेम खेळायचा नाही, बनवायचाय. तोच माझा वर्षाचा प्रोजेक्ट आहे."

"बनवायचा म्हंजी आधी खेळून बघावाच लागंल ना?"

दुकानदार हसला. नाना हसले नाहीत. तरी त्यांनी मला घेतलं आणि टेम्पोत, फुलांच्या रिकाम्या क्रेटमध्ये, खाली पोतं घालून ठेवलं. घरी येईपर्यंत माझ्या अंगाला शेवंतीचा वास लागला.

घरात शुभांगीची आई होती, कुसाबाई. शाळा चौथीपर्यंत, पण फुलाला नुसता हात लावला की ते सकाळी तोडलंय की काल संध्याकाळी, हे सांगणारी बाई. तिनं मला दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. "लय जड हाय गं हे," ती म्हणाली. "पाटीभर दगड उचलल्यासारखं." मग पदरानं माझे खालचे रबरी पाय पुसले. पाठ पुसतात, पडदा पुसतात, पण पाय कुणी पुसत नाही हो. मला ती तेव्हाच आवडली.

शुभांगी शहाणी होती. बाकीच्या घरी आमच्या भावंडांचे काय हाल होतात ते ऐकून आहे मी. गोधडीवर ठेवतात, मांडीवर ठेवतात, मांडी भाजली की आम्हालाच शिव्या घालतात, वर शेवेचे कण सांडतात. शुभांगीनं मला पहिल्या दिवसापासून टेबलावर ठेवलं. एक छोटा प्रोग्रॅम घालून माझं तापमान पडद्याच्या कोपऱ्यात आणलं. जोरात काम करताना तो आकडा अठ्ठ्याहत्तर, ऐंशी असा राहायचा. मी मजेत होतो.

तिनं बनवायला घेतलेला गेम मला मनापासून आवडायचा. मखमलाबादच्या मळ्यातून फुलांचा टेम्पो निघतो आणि पंचवटीचा बाजार गाठायचा असतो. वाटेत रिक्षा, हातगाड्या, मध्येच बसलेली गाय, मालेगाव स्टँडचा उतार आणि मग अरुंद गल्ल्या. वर एक पट्टी असते. फुलं ताजी असली की हिरवी, मग पिवळी, मग करडी. पट्टी करडी व्हायच्या आत बाजारात पोचलात तर जिंकलात. तो उतार तिनं बारा वेळा बनवला आणि बारा वेळा पुसला. नाना येता-जाता मान वाकडी करून बघायचे आणि म्हणायचे, "तिथं उजव्या हाताला खड्डा हाय, तो टाक." ती टाकायची.

मग दसरा आला.

फुलवाल्यांच्या घरी दसरा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. आदल्या दिवसापासून अंगणात झेंडूचे ढीग. दिवस उजाडताना कुसाबाईनं टेम्पोची पूजा केली. समोरच्या जाळीवर हळद-कुंकू, अक्षता, जाळीच्या फटीत झेंडू खोचलेला. "गाडीचा श्वास हाय तिथं," ती म्हणाली. नाना आणि शुभांगी टेम्पो घेऊन बाजारात गेले, कारण त्या दिवशी जितके हात असतील तितके कमीच. घरी कुसाबाई एकटी. तिनं खुरपी, कोयते, फवारणीचा पंप असं सगळं पाटावर मांडलं. सगळ्यांना पाणी लावलं, हळद-कुंकू वाहिलं. मग ती माझ्याकडे वळली.

"तूपण कामाचाच हायेस," ती म्हणाली.

तिनं मला उघडलं आणि माझी जाळी शोधली. कीबोर्डच्या वर, पडद्याच्या पायथ्याशी माझी जाळी आहे. तिथूनच मी हवा आत ओढतो, आणि ती तापलेली हवा मागच्या फटीतून बाहेर टाकतो. टेम्पोच्या जाळीवर करतात ते सगळं तिनं माझ्याही जाळीवर केलं. हळद, कुंकू, अक्षता. आणि वर मूठभर झेंडूच्या पाकळ्या, अगदी बारीक खुडून, कारण माझ्या फटी टेम्पोसारख्या मोठ्या नव्हत्या. तिनं हात जोडले. खरं सांगतो, इतक्या मायेनं मला कुणी कधी हात लावला नव्हता. आणि तिथंच माझं दुखणं सुरू झालं.

संध्याकाळी शुभांगी दमून आली. वरवर दिसल्या तेवढ्या पाकळ्या तिनं फुंकरीनं उडवल्या, हात जोडून नमस्कार केला आणि मला सुरू केलं. माझा पंखा फिरला आणि जाळीतून खाली पडलेलं सगळं आत ओढून घेतलं. पंख्याच्या पुढे तांब्याच्या पातळ पात्यांची एक ओळ आहे. उष्णता तिथूनच बाहेर जाते. त्या पात्यांवर हळद बसली, हळदीवर धूळ बसली, धुळीवर पाकळ्या चिकटल्या.

हिवाळ्यात काही कळलं नाही. नाशिकची थंडी अशी की माझं दुखणंही झाकलं गेलं. कोपऱ्यातला आकडा ब्याऐंशी, पंच्याऐंशी दाखवायचा, शुभांगीला वाटायचं गेम मोठा होत चाललाय म्हणून असेल. होळी झाली आणि ऊन चढलं. नव्वद. ब्याण्णव. माझा पंखा इतका ओरडायचा की बाहेर गोठ्यातली म्हैस मान वर करायची. एप्रिलच्या एका दुपारी मी शंभरला टेकलो आणि पटकन बंद पडलो.

शुभांगी काळ्या पडद्याकडे बघत बसली. मला तिला सांगायचं होतं, अगं, मी ठीक आहे, माझा श्वास कोंडलाय फक्त. पण सांगणार कसं? आमच्याकडे बोलायला तो एक आकडाच आहे, आणि तोही बंद पडल्यावर दिसत नाही.

त्यानंतर मी रोज बंद पडू लागलो. आधी तासाभरानं, मग अर्ध्या तासानं, मे महिन्यात तर पंधरा मिनिटांत. आणि पंधरा मे रोजी शुभांगीची तोंडी परीक्षा होती. बाहेरून परीक्षक येणार आणि त्यांच्यासमोर गेम अर्धा तास न थांबता चालवून दाखवायचा, असा नियम. नाही चालला तर प्रोजेक्टमध्ये नापास, आणि सगळं वर्ष पुन्हा. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर हा गेम उघडतच नव्हता, मैत्रिणींकडच्यावर चित्र अडखळत होतं. पळवू शकणारा एकटा मीच, आणि मीच माती खात होतो.

नानांनी एक दिवस मनातलं बोलून टाकलं. "मी त्या दिवशीच म्हणलो होतो. खेळून खेळून वाट लावली तू त्याची."

"नाना, मी खेळत नाही. काम करते."

"मंग दुसऱ्यांचे काय रोज तापतात?"

शुभांगी वही मिटून मळ्यात निघून गेली. कुसाबाई चुलीपाशी भाकरी थापत राहिली. त्या संध्याकाळी शुभांगी जेवायला उशिरा आली आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून उठली. मी टेबलावर होतो. माझ्यामुळे एका पोरीवर खोटा आळ आला, याचं मला जेवढं वाईट वाटलं तेवढं बंद पडण्याचंही वाटलं नाही.

पण नाना मनानं वाईट नव्हते. दुसऱ्या दिवशी शुभांगी कॉलेजात गेल्यावर त्यांनी माझ्यासाठी एक उपाय केला. फुलं सुकू नयेत म्हणून गोणपाट भिजवून क्रेटवर टाकतात ना? तसं एक गोणपाट पाण्यात बुचकळून, पिळून, माझ्याखाली अंथरलं. देवाशप्पथ, शंभर अंशांना मी घाबरलो नव्हतो, त्या ओल्या गोणपाटाला घाबरलो! एक थेंब आत शिरला असता तर ही गोष्ट सांगायला मी नसतो. नशिबानं शुभांगीची बस चुकली आणि ती दहा मिनिटांत माघारी आली. "नाना!" एवढंच ओरडून तिनं मला उचललं. नाना ओशाळून गोणपाट घेऊन बाहेर गेले.

मग ती मला शहरातल्या एका दुकानात घेऊन गेली. तिथल्या माणसानं मला उघडलंसुद्धा नाही. कानाशी धरून पंखा ऐकला आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय. नवीन बोर्ड मागवावा लागेल, महिना लागेल." महिना! परीक्षेला सहा दिवस उरले होते. परत येताना तिनं मला मांडीवर घट्ट धरलं होतं. सिटी बसच्या खिडकीतून ऊन माझ्यावर येत होतं, तर तिनं ओढणी टाकून ते अडवलं.

घरी आली, मला सुरू केलं आणि गेम उघडला. काय करणार, दुसरं काही सुचत नव्हतं तिला. कुसाबाई शेजारी येऊन बसली. तिनं तो गेम असा नीट पहिल्यांदाच पाहिला. टेम्पो मळ्यातून निघाला. मागे फुलं भरलेली, वर ताडपत्री घट्ट बांधलेली.

"अगं, हे असं बांधून नेतं का कुणी?" कुसाबाई म्हणाली. "ओली फुलं कोंबून भरली आन् वरून बांधली, तर मालेगाव स्टँडपर्यंत टिकणार नाय. आतून तापतील. काळी पडतील."

"आई, गेम आहे तो."

"गेम असू दे नायतर काय असू दे. फुल तापणारच. वारा नाय मिळाला की तापणारच."

तेवढ्यात माझा पंखा भणाणला. कोपऱ्यात छपन्नवरून सुरू झालेला आकडा ब्याण्णववर गेला होता. कुसाबाईनं माझ्याकडे पाहिलं, आणि नेहमी गोणीत घालते तसा हात पुढे केला. फुलांची गोणी आली की ती कोपरापर्यंत हात आत घालते आणि कुठं ऊब धरलीय ते बघते. तिनं माझ्या पोटाखाली हात घातला. मग कीबोर्डवर. मग मागे.

"याचा वारा कुठून निघतो?"

"मागच्या फटीतून."

"इथून? हात लाव बरं."

शुभांगीनं हात लावला. पंखा एवढा ओरडत होता, पण फटीतून फुंकरीएवढीही हवा येत नव्हती.

"याला काय झालं नाय," कुसाबाई म्हणाली. "याचं नाक चोंदलंय. आत काहीतरी अडकलंय बघ. गोणी खोलल्याशिवाय कळतं का कधी?"

मी बंद पडलो. पण त्या दिवशी पहिल्यांदाच बंद पडताना मला बरं वाटलं.

मला उघडायचं कुणी? दुकानवाल्यानं तर उघडायलाच नकार दिला होता. नानांनी मखमलाबाद नाक्यावरच्या सावळीरामचं नाव काढलं. हा सावळीराम टीव्ही दुरुस्त करायचा, गणेश मंडळांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा, आणि त्याच्याकडे सुईएवढे स्क्रू-ड्रायव्हर होते. आम्ही सगळे त्याच्या दुकानात गेलो, तर मला पाहून तो जरा बिचकला.

"काका, स्क्रू कुठले कुठे ते मी लिहून ठेवते," शुभांगी म्हणाली. "तुम्ही फक्त खोला."

"मंग काय हरकत नाय. ॲम्प्लिफायर तरी काय वेगळा असतो? त्याचंपण तेच. मंडळवाले वर कापड टाकतात, आतला भाग जळतो, आन् मंग माझ्या नावानं बोंब."

एकोणीस स्क्रू निघाले. शुभांगीनं कागदावर माझा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर चिकटपट्टीनं लावला. कीबोर्ड निघाला, वरची पाटी निघाली, पंखा निघाला. सावळीरामनं बॅटरीचा उजेड पाडला आणि चिमट्यानं तांब्याच्या पात्यांपुढचा थर ओढला.

तो सगळा एकसंध निघाला. बोटाएवढा लांब, घोंगडीच्या तुकड्यासारखा घट्ट, पिवळा आणि लालसर. त्यात सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. दोन तांदळाचे दाणे होते. हळदीचा वास सगळ्या टेबलभर पसरला.

नाना त्या थराकडे बघत राहिले, मग कुसाबाईकडे बघायचं टाळून खिडकीबाहेर बघू लागले. कुसाबाईचा चेहरा उतरला.

"मीच वाह्यलं हे," ती म्हणाली. "दसऱ्याला. टेम्पोला वाहते तसं. मला काय माहीत, हा आत ओढतो म्हणून..." तिनं त्यातला एक तांदळाचा दाणा बोटानं वेगळा केला. "शुभे, तुझं वर्ष मीच घालवलं असतं गं."

मला त्या वेळी ओरडून सांगावंसं वाटलं, अहो बाई, तुम्ही मला फूल वाहिलं, दगड नाही मारला! पण माझे स्क्रू कागदावर होते आणि पोट उघडं होतं.

शुभांगीनं आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला वाटलं आता ही रागावणार. इतक्या दिवसांचा आळ होता तिच्यावर. पण तिला हसू आलं. आधी नाकातून, मग मोठ्यानं. "मदरबोर्ड गेलाय म्हणे! आई, झेंडू अडकलाय गं, नुसता झेंडू!" आणि ती आईच्या गळ्यात पडली. सावळीरामलाही हसू आवरेना. नाना उशिरा हसले. मग खाकरून म्हणाले, "मी उगाच बोललो तुला, पोरी. मनावर घेऊ नको." नानांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळ झालं.

सावळीरामनं ब्रशनं माझं एकेक पातं साफ केलं. ॲम्प्लिफायरला लावतो तो पांढरा लेप माझ्या चिपवरचा जुना, वाळलेला लेप पुसून तिथं नव्यानं लावला. एकोणीसच्या एकोणीस स्क्रू परत बसले. शुभांगीनं मला सुरू केलं, गेम लावला, आणि चौघं कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत बसली. साठ. सत्तर. पंचाहत्तर. शहात्तर. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, आकडा शहात्तरवरच. मागच्या फटीतून गरम हवेचा झोत असा निघाला की त्यात कागद फडफडला. किती दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला, काय सांगू तुम्हाला!

पण परीक्षा अजून बाकी होती.

पंधरा मेला नाशिकचं ऊन चाळिशीला टेकलेलं. टेम्पोनं सगळे कॉलेजात गेलो. नाना आणि कुसाबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसले, लॅबच्या दाराशेजारीच. दार उघडंच होतं. कुसाबाईनं माझ्याखाली घालायला लाकडाच्या दोन चिपा आणल्या होत्या. "क्रेटाखाली ठेवतो तशा ठेव, म्हणजे बुडाला वारा लागतो," असं तिनं दारातच सांगितलं. शुभांगीनं ठेवल्या.

परीक्षक पुण्याहून आलेले, गंभीर चेहऱ्याचे, घड्याळ काढून टेबलावर ठेवणारे. गेम सुरू झाला. शुभांगी समजावून सांगत होती. बाराव्या मिनिटाला खोलीतले पंखे थांबले, दिवे गेले. लोडशेडिंग! माझी बॅटरी भरलेली होती, त्याची चिंता नव्हती. चिंता हवेची होती. पंचवीस माणसांची खोली, पत्र्याचं छत, आणि वाऱ्याची झुळूक नाही. आकडा चढू लागला. ऐंशी. त्र्याऐंशी. पंच्याऐंशी.

मी जीव खाऊन पंखा फिरवत होतो. शुभांगीनं आकड्याकडे एकदा पाहिलं आणि मग पाहिलंच नाही. ती बोलत राहिली. विसाव्या मिनिटाला परीक्षक म्हणाले, "मी चालवतो." त्यांनी टेम्पो चालवायला घेतला आणि मालेगाव स्टँडच्या उतारावर सरळ एका हातगाडीला धडकवला. खोलीतली पोरं हसली. परीक्षकांनी पुन्हा सुरू केला. या वेळी गाय मध्ये आली. तिसऱ्यांदा त्यांनी बाही वर सारली.

सत्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी.

"हा कोपऱ्यातला आकडा कसला?" परीक्षकांनी विचारलं.

"मशीनचं तापमान, सर. अठ्ठ्याऐंशी आहे. नव्वदपर्यंत चालतं."

"आणि त्याच्या पुढे गेलं तर?"

"तर थांबवायचं, आणि हवा कुठे अडलीय ते आधी हातानं बघायचं. लोक सरळ मदरबोर्ड बदलायला निघतात. माझंही तसंच झालं असतं."

"हे कुठं शिकलात? पुस्तकात तर नाही."

"आईकडून, सर. ती बाहेर बसलीय."

परीक्षकांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. बाकावर कुसाबाईनं पदर तोंडाशी धरला होता. मग ते पुन्हा टेम्पोकडे वळले. तिसऱ्या खेपेला पट्टी पिवळी असतानाच त्यांनी बाजार गाठला आणि स्वतःवरच खूश होऊन घड्याळ उचललं. चौतीस मिनिटं झाली होती. मी अठ्ठ्याऐंशीवर होतो. त्या अठ्ठ्याऐंशीचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा आयुष्यात कशाचा वाटला नाही.

शुभांगी बाहेर आली. "पास," एवढंच म्हणाली. नानांनी रुमालानं चेहरा पुसला, आणि तो घाम नव्हता. कुसाबाई रडली. अगदी मोकळेपणानं रडली, व्हरांड्यात पोरं येत-जात होती तरी.

"माझ्यामुळं गेलं असतं वर्ष," ती पुन्हा म्हणाली.

"तुझ्यामुळंच राहिलं, आई," शुभांगी म्हणाली. मला अजून दोघींचंही पटतं.

आता दोन वर्षं होत आली. शुभांगीला पुण्यात नोकरी लागली आणि तिथं तिला कंपनीनं दुसरा लॅपटॉप दिला, सडपातळ. मी मखमलाबादलाच राहिलो. माझी बॅटरी आता दहा मिनिटंही टिकत नाही, पडद्यावर एक उभी रेघ आलीय, आणि नवे गेम मला उघडतही नाहीत. पण पात्यांमध्ये धूळ नाही. बासष्ट, चौसष्ट, यापुढे मी जात नाही. तुमच्या घरी आमच्यापैकी कुणी असेल तर एवढं करा, तो ओरडायला लागला की आधी त्याच्यावर ओरडू नका. मागच्या फटीला हात लावून बघा.

रोज संध्याकाळी सातला नाना मला सुरू करतात, तारेचा तो छोटा इंटरनेटचा डबा जोडतात, आणि पडद्यावर पुण्याची शुभांगी येते. कुसाबाई पुढे सरकते. पण शुभांगीशी बोलायच्या आधी ती माझ्याकडे वाकते आणि विचारते, "काय रे बाबा, बरा हायेस ना?"

"आई, मी इकडे आहे!" तिकडून शुभांगी ओरडते. "माझी चौकशी आधी कर ना!"

"तू बरीच असणार," कुसाबाई म्हणते. "हा बरा असला तरच तू दिसणार ना मला."

पावणेसात झालेत. नाना हात धुऊन येतच असतील. आता मला जरा गार राहू द्या, कुसाबाईला तिची पोरगी दिसायची वेळ झालीय.